धुळ्याच्या जुन्या गल्लीतलं भाड्याचं घर: अकरा महिने राहून

आधी व्यवहाराचं सांगते. भाडं ४,८०० रुपये, डिपॉझिट २०,०००, लाइटबिल सबमीटरप्रमाणे वेगळं, पाणी ‘येईल तसं’. हे शेवटचे दोन शब्द करारात नव्हते. घरमालकीण माईंनी ते तोंडी सांगितले होते, आणि अख्ख्या करारात त्यांच्याइतकं खरं काहीच नव्हतं.

गल्लीचा नंबर इथे देत नाही. एका मैत्रिणीला दिला तर आठवड्यात माईंना चार अनोळखी फोन गेले आणि चारही वेळा त्यांनी मलाच हाक मारून ‘हे कोन शे?’ म्हणून विचारलं. जुन्या धुळ्याकडच्या गल्ल्यांपैकी एक, एवढं पुरे.

मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. नवरा भुसावळला रेल्वेत, मुलगी पहिलीत. नोकरी धुळ्यात लागली तेव्हा आधी देवपुरात फ्लॅट बघितले. नदीच्या पलीकडे सगळं नवं, लिफ्ट, पार्किंग, आणि भाडं आठ-नऊ हजारांच्या खाली नाही. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये दुपारी अडीच वाजता मी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. त्याच संध्याकाळी कॉलेजातल्या शिपाईमामांनी माईंच्या वरच्या मजल्याचं सांगितलं. ‘घर जुनं आहे मॅडम, पण थंड आहे,’ म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती पुढे येईल.

धुळ्याबाहेरच्यांसाठी थोडं. पुण्यात पेठांना वारांची नावं आहेत, आमच्याकडे गल्ल्यांना नंबर. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार. सरळ रेषेत, एकमेकींना समांतर, मधून आडवे बोळ. पहिल्या आठवड्यात रिक्षावाल्या काकांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की हे सगळं विश्वेश्वरय्यांनी आखलंय. स्टाफरूममध्येही तेच ऐकलं. विश्वेश्वरय्या खानदेशात नोकरीला होते हे खरं. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सेवेत लागलेला तरुण असिस्टंट इंजिनिअर इथे आला आणि पांझरा नदीच्या पाण्याच्या कामात नळाचा सायफन बसवून गेला. पण नव्या धुळ्याची आखणी त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीची. पेशवाई १८१८ मध्ये गेली, खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्जकडे आला आणि १८१९ मध्ये त्यानं धुळं हे मुख्य ठाणं केलं. तेव्हाचं धुळं म्हणजे बागाईत, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये चारशेच्या आसपास घरं आणि अडीच हजार माणसं. सोळा वर्षांपूर्वी, १८०३ च्या दुष्काळात, हेच गाव ओस पडलं होतं. ब्रिग्जनं जुन्या गावाशेजारी नवी वस्ती आखली, लांबून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना बोलावलं. घर बांधणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्याची, आणि वर बांधकामाला उचल.

हे मी वाचलं त्या दिवशी डिपॉझिटचा दुसरा हप्ता देऊन आले होते.

रिक्षावाल्या काकांना मी हे एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, ‘असेल मॅडम, पण विश्वेश्वरय्याच बरे वाटतात.’ मी तो विषय सोडला.

आता घर. रस्त्यावरून पाच पायऱ्या चढल्या की ओटा. माईंच्या मते ओटा पुराच्या धास्तीनं उंच बांधला, कारण पांझरेचा १८७२ चा पूर त्यांच्या आजेसासऱ्यांच्या तोंडून घरात उतरलेला आहे. शेजारच्या निम्म्या घरात राहणारे त्यांचे धाकटे दीर, आबा, म्हणतात की पुराबिराचा काही संबंध नाही, बैलगाडी ओट्याला लावून माल थेट आत घेता यावा म्हणून उंच केला. दोघंही हे मला वेगवेगळं सांगतात, एकमेकांना नाही. ते का, तेही पुढे.

ओट्याला लागून पुढची खोली म्हणजे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. जुना भाडेकरू, भाडं महिन्याला ९० रुपये. मी ४,८०० देते हे कळल्यावर त्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं बघितलं. दुकानाच्या बाजूनं बोळकांडी, मग छोटा चौक, चौकाच्या मागे माईंच्या दोन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर आमचा मजला.

जिना लाकडी, अंधारा आणि शिडीच म्हणावा इतका उभा. वर पोचलं की डोक्यावर आडवं दार, रात्री ते पाडून वर अडसर सरकवायचा. मुलीला हे दार इतकं आवडलं की पहिले दोन महिने ती त्याला ‘किल्ला’ म्हणायची. सिलेंडरवाल्याला मात्र आवडत नाही. सिलेंडर वर चढवायचे तो ५० रुपये जास्त घेतो, आणि तो जिना बघितल्यावर मी कधी घासाघीस केली नाही.

वर तीन खोल्या. रस्त्याकडच्या खोलीवर पत्रे, मागच्या दोन खोल्यांवर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. भिंती दीड हात जाड, विटांच्या आणि मातीच्या. भिंतीतच कोनाडे, देवळ्या आणि दोन लाकडी दारांची कपाटं, त्यामुळे मी एकही कपाट विकत घेतलं नाही. वरती सागवानी तुळया, त्यावर आडवे सरे, सऱ्यांवर दाटीनं बसवलेलं किलचन, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे. लाकूड सातपुड्यातलं की डांगातलं, यावरही माई आणि आबांची मतं वेगळी. काळं झालंय, पण ठोकलं की आवाज भरीव येतो. एकाच तुळईला भुंगा लागलाय, तिच्याखाली सकाळी पिठासारखी भुकटी पडते. तिथे मी पलंग ठेवला नाही, तांदळाचा डबा ठेवला. तोही पुढे हलवला, कारण भुकटी आणि तांदळाचं पीठ यातला फरक सकाळच्या घाईत कळत नाही.

‘थंड’ या शब्दावर माझा व्यवसायामुळे विश्वास नसतो, म्हणून लॅबमधले दोन थर्मामीटर काही दिवस घरी आणले. (परत नेऊन ठेवलेत.) एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, बाहेर सावलीत ४३. पत्र्याच्या खोलीत ४२. धाब्याच्या मधल्या खोलीत ३४. एकाच घरात, मध्ये फक्त एक उंबरठा. मी तीन दिवस मोजलं, आकडे अर्ध्या-एक अंशानं हलले, फरक तोच. कूलर आम्ही फक्त संध्याकाळी लावायचो, आणि माझं लाइटबिल पाहून देवपुरातली सहकारी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पण पूर्ण हिशोब सांगायचा तर रात्रीचाही सांगायला हवा. दीड हात भिंत आणि वरचा मातीचा थर दिवसभर ऊन पीत बसतात आणि रात्री ते सावकाश आत सोडतात. रात्री दहाला बाहेर ३१, आणि आमच्या त्याच थंड खोलीत ३३. म्हणून गल्लीत मे महिन्यात कोणी खोलीत झोपत नाही. संध्याकाळी धाब्यावर बादलीभर पाणी शिंपडायचं, सतरंज्या टाकायच्या आणि वर झोपायचं. ही घरं अशीच वापरायची असतात, दिवसा खाली, रात्री वर. ज्यांना वर जाता येत नाही त्यांना हे घर निम्मंच मिळतं.

आता शिपाईमामांनी न सांगितलेली तिसरी गोष्ट. वर कोणाला जाता येतं?

माईंचे यजमान आणि आबा, दोघा भावांत फार वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली. चौकाच्या मधून भिंत आली. खोल्या निम्म्या-निम्म्या झाल्या. जिना मात्र एकच होता, तो माईंच्या वाटणीत आला. धाबं दोघांचं. पण धाब्याचा उतार आबांच्या बाजूला आणि पाणी बाहेर टाकणारी दोन्ही पन्हाळं त्यांच्या भिंतीला. म्हणजे वर जायची वाट माईंची, पाणी जायची वाट आबांची. माईंचे यजमान गेल्यानंतर काहीतरी झालं, काय ते मी विचारलं नाही, आणि चौदा वर्षं दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. आबांचा वरचा मजला बंद असतो. त्यांच्या बाजूच्या धाब्यावर चौदा वर्षांत माणूस फिरकलेला नव्हता. पिंपळ फिरकला होता.

आम्ही जूनच्या १० तारखेला राहायला आलो. पहिला मोठा पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाला आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात, बरोबर गॅसच्या शेगडीवर, थेंब पडायला लागला. मग दुसरा. पहाटेपर्यंत पाच पातेली मांडली होती. मुलगी उठून प्रत्येक पातेल्याचा आवाज वेगळा कसा येतो ते ऐकत बसली. मी भिंतीवरून उतरणारी मातकट धार बघत होते.

सकाळी माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ते आबाना बाजूनं उनं.’ आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मला वर जायाले जिना शे का? आमनं कोन आयकस!’ माईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘चौदा सालमा एकदा तरी जिना मांगा का?’ मी मधल्या मध्ये. चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझी कॉलेजची वेळ झाली आणि पुढचा निरोप पोचवायचं काम माझ्या मुलीकडे गेलं. पुढच्या दहा महिन्यांत तिची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली झाली ती यामुळे.

धाबं म्हणजे काय, हे ज्यांनी नुसतं पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली आयुष्य काढलंय त्यांच्यासाठी सांगते, कारण घर घेताना हेच बघायचं असतं. किलचनावर काड्या-पाला, त्यावर चिकणमातीचा थर, आणि सगळ्यात वर खारी. खारी म्हणजे पांढरट, खारट माती. आपल्याकडची काळी माती सगळीकडे फुकट मिळत असताना लोक खारी शोधत का जातात हे मला पहिल्यांदा कळेना, म्हणून घरीच प्रयोग केला. तळाला भोक असलेल्या दोन कुंड्या घेतल्या, एकीत काळी माती, एकीत खारी, सारख्याच ठोकून बसवल्या आणि आठ दिवस उन्हात ठेवल्या. काळी तडकली, करंगळी जाईल एवढ्या भेगा. खारीला बारीक रेषा पडल्या, बस. मग दोन्हींत तांब्याभर पाणी ओतलं. काळ्या मातीतून पाणी भेगांतून तडक खाली. खारीतून सुरुवातीला थोडे थेंब आले आणि मग बंद, वर पाण्याचं तळं तसंच उभं. त्या मातीतल्या क्षारांमुळे ओली झाली की तिचे अगदी बारीक कण सुटे होतात आणि स्वतःच्याच फटी बुजवतात. शेतात हीच माती नकोशी असते, पीक येत नाही. डोक्यावर मात्र सोनं.

अट एकच, दर वर्षी मृगाआधी धाब्यावर माणूस चढला पाहिजे. गवत उपटायचं, उंदरांची-घुशींची भोकं बुजवायची, पन्हाळं मोकळी करायची, खारीचा हात फिरवायचा. यातही एक गोम आहे, ती मला माईंकडे आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीबाबांनी सांगितली. लोक आळस करतात, जुनी माती न खरवडता वर नवी टाकत राहतात. दर वर्षी दोन-दोन बोटं. वीस वर्षांत सऱ्यांवर दुप्पट ओझं. मग एका ओल्या रात्री सरा वाकतो आणि पेपरात ‘जुन्या घराचं छत कोसळलं’ म्हणून बातमी येते. दोष मातीच्या छताला लागतो. मिस्त्रीबाबा बोलताना आमच्या स्वयंपाकघरातल्या एका सऱ्याकडे बघत होते. मी त्याच दिवशी शेगडी हलवली.

जुलैत कायमचं काही करता येत नव्हतं. आबांच्या बाजूला निळी ताडपत्री टाकून घेतली, ९०० रुपये, ते मी दिले. माईंनी ऑगस्टच्या भाड्यातून कापून घ्यायला सांगितले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. ताडपत्री टाकायला आबांचा नातू माईंच्या जिन्यानं वर गेला. माई तेवढ्या वेळापुरत्या देवळात गेल्या होत्या.

घराचा दुसरा मोठा दोष माईंचा नाही, त्यांच्या मुलाच्या हौसेचा. मुलगा नाशिकला असतो. पाच-सहा वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन त्यानं खालच्या भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा पाडून सिमेंटचा करून घेतला. वर ऑइलपेंट, पिस्ता रंग. आता मातीत बांधलेली भिंत जमिनीतलं ओल वर ओढते, चुन्यातून ती उडून जायची. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं. ओल वर चढत चढत सिमेंट संपतं तिथपर्यंत पोचते आणि तिथे भिंतीला लोणा लागतो. पिस्ता रंगाच्या वर बरोबर एक पांढरी, भुसभुशीत पट्टी आहे, हात लावला की खाली सडा पडतो. आमच्या मजल्यावर जुना गिलावा आहे तसाच ठेवलाय, तिथे काही नाही. जुनं घर भाड्यानं बघायला गेलात आणि मालकानं ‘आत्ताच नवं प्लास्टर केलंय’ असं कौतुकानं सांगितलं, तर तुम्ही कौतुक करू नका, खाली वाकून बघा.

संडास खाली, चौकाच्या कोपऱ्यात. रात्री मुलीला घेऊन तो जिना उतरायचा, यावर मी जास्त लिहीत नाही. वर फक्त मोरी आहे.

पाणी. नळ रोज येत नाही. कधी चार दिवसांनी, कधी आठ, आणि वेळ ठरलेली नाही. सगळ्या गल्लीचं एक कान नळाकडे असतं. पहाटे साडेतीन असो, पहिली जी बाई ऐकेल ती ओट्यावर येऊन ओरडते, ‘पानी उनं वं!’ आणि पाच मिनिटांत तीस घरांच्या मोटारी सुरू. माईंच्या चौकात जमिनीत जुना हौद आहे, तो भरला की वरच्या ड्रममध्ये मोटर लावायची परवानगी मला. क्रम ठरलेला आहे: आधी हौद, मग दुकान, मग मी. पहिल्या महिन्यात मी क्रम चुकवला होता. माई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी रोज येणारा चहा आला नाही.

फ्लॅटमधून आलेल्यांना सगळ्यात जड जातं ते वेगळंच. या गल्लीत दार लोटून घेतलं तर लोक तब्येत विचारायला येतात. माझ्या पिशवीत काय आहे, नवरा या शनिवारी का आला नाही, पोरीच्या दप्तराचा पट्टा का तुटलाय, हे सगळं ओट्यावर बसलेल्या चार बायांना माझ्याआधी माहीत असतं. मला सुरुवातीला जीव नकोसा झाला होता. मग सप्टेंबरमध्ये कॉलेजात परीक्षेमुळे मला यायला सात वाजले, फोन बंद पडला होता, आणि मी धावत गल्लीत शिरले तर मुलगी तिसऱ्या घराच्या ओट्यावर बसून शेवभाजी-भाकरी खात होती, तिखटानं नाक गळत होतं, आणि कोणालाच काही विशेष झालंय असं वाटत नव्हतं. त्यानंतर पिशवीत काय आहे ते त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगायला लागले.

श्रावणात खानदेशची देवी कानबाई घरोघर बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. आमच्या पट्ट्यात दोन घरी बसली. रात्रभर गाणी, रोटांचा वास, आणि सोमवारी सकाळी मिरवणुकीनं विसर्जन. लाकडी घरांना जाड भिंती असल्या तरी गाणी थांबत नाहीत, ती चौकातून वर येतात. झोपेची आशा धरू नका, खाली जाऊन बसा. मी गेले.

आणि धाब्याचा अजून एक उपयोग, जो भाडेकराराच्या कुठल्याच कलमात नसतो. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या गल्लीच्या छतांवर बिबडे वाळत असतात. रात्री भिजवलेली ज्वारी, पहाटे चुलीवर शिजवलेलं ते घट्ट पीठ, ओल्या फडक्यावर थापलेले गोल. अर्धे वाळलेले बिबडे कडेनं खायला पोरं टपलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माईंची मुलगी माहेरी आली, चौकातल्या तुळईला झोका बांधला. त्या तुळईवर मी आधी नखानं ठोकून बघितलं, सवयच लागली आहे. भरीव होती.

पार्किंग: स्कूटी बोळकांडीत मावते. कार असेल तर हे घर तुमच्यासाठी नाही. दवाखाना, किराणा, पाच कंदिलाचा बाजार, सगळं चालत. रविवारी राजवाडे संशोधन मंडळात मुलीला दोनदा नेलं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं ते उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या हातचं वाल्मीकिरामायण जपून ठेवलंय, ते ऐकून मुलीनं विचारलं, ‘त्यांच्या बाई पण वही तपासायच्या का?’

करारावर एक सूचना. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ असं या भागात सगळेच म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, आणि त्यात करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, महिने किती का असेनात. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. माई आधी घाबरल्या, कारण खालच्या ९० रुपयांच्या भाडेकरूमुळे ‘कागद’ या शब्दाचीच त्यांना धास्ती आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या कागदानं उलट त्यांचीच बाजू भक्कम होते, हे पटवायला दोन संध्याकाळी गेल्या. माझंही डिपॉझिट पूर्ण परत आलं, एक रुपया कमी नाही.

आमच्या पट्ट्यात ३१ घरं आहेत, मी मोजली. त्यातल्या ९ घरांचे दर्शनी भाग अजून लाकडी आहेत, कोरीव खांबांचे. मी आले तेव्हा १० होते. दहावं घर दिवाळीनंतर उतरवलं. चार भाऊ, चार वाटण्या, एकाला विकायचं, एकाला ठेवायचं, दोघं बाहेरगावी. दुरुस्तीला सही मिळेना, शेवटी पाडायला मिळाली. खांब एका ट्रकमधून गेले. ओट्यावरच्या बाया त्या दिवशी आत बसल्या होत्या. म्हणून जुन्या गल्लीत घर बघायला जाल तेव्हा खोल्या, रंग, नळ नंतर बघा. आधी विचारा, धाबं कोणाच्या वाटणीत आहे, जिना कोणाच्या, आणि ते एकमेकांशी बोलतात का. माझ्या अकरा महिन्यांतला सगळा त्रास या तीन प्रश्नांत होता. सुख सगळं भिंतींत आणि माणसांत होतं, ते न विचारता मिळालं.

परत घ्याल का, असं सहकारी विचारतात. धाबं दुरुस्त झालं तर उद्या घेईन. नाही झालं तर जुलैपर्यंतच.

नवऱ्याची बदली धुळ्याला झाल्यामुळे आम्ही मोठं घर बघितलं आणि ९ मेला माईंचं घर सोडलं. टेम्पो बोळकांडीत येत नाही म्हणून सामान गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं न्यावं लागलं. तिथे रस्ता अडवून एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, आबांच्या ओट्यासमोर पांढरट मातीचा ढीग रिकामा करत. मिस्त्रीबाबा घमेली मोजत होते. माझी मुलगी धावत आत गेली, नेहमीप्रमाणे निरोप आणायला, आणि हात हलवत परत आली. ‘काहीच निरोप नाही,’ म्हणाली. ‘माई म्हणाल्या, जिना झाडून ठेवलाय.’